जुन्या गाडीचे मोठे काम स्वतः हाती घेण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १८ वर्षांची, पेट्रोलची, हाताने गिअर टाकण्याची आणि सुमारे १,७०,००० किलोमीटर चाललेली आहे. आधीच्या मालकाने कोणते काम केव्हा केले, याची कोणतीही नोंद तुमच्या हाती आलेली नाही. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा इंजिनाचा दातेरी पट्टा), कूलिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि क्लच ही पाचही कामे एका सलग सुट्टीत स्वतः उरकून गाडी पुढे काही वर्षे वापरायची तुमची इच्छा आहे. तेल, फिल्टर, स्पार्क प्लग आणि ब्रेक पॅड बदलण्याचा सराव तुम्हाला आहे, त्यापलीकडचा नाही. सुरुवात कुठून करावी आणि किती दिवस धरावेत, असे तुम्ही विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की पाचही कामे एकदम उघडू नयेत. कामाचे टप्पे असे पाडावेत की प्रत्येक टप्पा संपला की गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहून चालली पाहिजे, आणि ती थोडीफार चालवून पाहिल्याशिवाय पुढचा टप्पा उघडता कामा नये. याचे पहिले कारण निदानाचे आहे. टायमिंग बेल्ट, सेन्सरच्या जोडण्या, इंधनाची नळी आणि क्लच हे सगळे एकाच वेळी हाताळले गेले आणि शेवटी इंजिन सुरूच झाले नाही, तर दोष कोणत्या कामात राहिला हे शोधण्यासाठी सगळेच पुन्हा खोलावे लागते. दुसरे कारण त्याहून साधे आहे. जुन्या गाडीत एखादा बोल्ट तुटतो, एखादे सील चुकीच्या मापाचे निघते आणि ते नवे येईपर्यंत काम थांबते. गाडी पाच ठिकाणी खोललेली असेल, तर त्या एका सीलसाठी ती सर्वच ठिकाणी उघडी पडून राहते.

सुटे भाग मागवण्याआधी एक संपूर्ण दिवस केवळ तपासणीसाठी द्यावा. गाडीवर एवढे श्रम घ्यावेत की नाही, हे या दिवशी ठरते, म्हणून मी त्याला सर्वाधिक महत्त्व देतो. सर्वप्रथम गाडीचा सांगाडा पाहावा. जॅक लावण्याच्या जागा, सस्पेन्शनच्या दांड्या जिथे चॅसीला जोडल्या जातात त्या जागा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या यांवर वरवरचा गंज असेल तर तो घासून काढता येतो. पण स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबताच पत्रा आत जात असेल, तर इंजिनाचा विचार बाजूला ठेवून आधी वेल्डिंग जाणणाऱ्या माणसाकडून त्याचे मूल्यमापन करून घ्यावे. त्यानंतर कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब निर्माण करतो याची मोजणी, करावी. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, सगळे प्लग काढलेले असावेत, इंधन व इग्निशन दोन्ही बंद केलेले असावेत आणि थ्रॉटल पूर्ण उघडे धरावे, अन्यथा आकडे फसवे येतात. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये थोडेसे इंजिन ऑइल घालून चाचणी पुन्हा करावी. आकडा लक्षणीय वाढला तर संशय पिस्टन रिंगांवर जातो, जवळजवळ तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर (इंजिनाचा वरचा भाग आणि सिलिंडर यांच्यामधला सांधा बंद करणारा थर) जातो, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्या दोहोंमधले गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी असते. असे इंजिन हातात असताना नवा टायमिंग बेल्ट बसवणे म्हणजे पुन्हा खोलाव्या लागणाऱ्या कामावर खर्च करणे होय. तेव्हा आखणी तिथेच बदलावी.

याच दिवशी ऑइलचे झाकण, डिपस्टिक आणि कूलंटची टाकी पाहावी. झाकणाखाली थोडा दुधी थर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण केवळ छोट्या अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीत तो वाफेमुळेही साचतो. मात्र डिपस्टिकवरचे ऑइलच दुधी असेल तर त्यात कूलंट मिसळत आहे असे धरावे. रबरी होज बोटांनी दाबून पाहावेत. टोकाशी फुगलेले, तडकलेले किंवा आतून कुरकुरणारे होज बदलायचे, मग ते गळत नसले तरी. या वयाच्या गाडीत किलोमीटरपेक्षा वर्षे अधिक नुकसान करतात आणि ते मुख्यतः रबर व प्लास्टिकचे होते. म्हणूनच टायरवरचा चार अंकी आकडाही वाचावा. त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, आणि खोल नक्षी शिल्लक असलेला टायरसुद्धा वयाने बाद ठरू शकतो.

तपासणीत मोठे काही निघाले नाही, तर मी क्रम असा लावेन: आधी ब्रेक, मग टायमिंग बेल्ट व कूलिंग एकत्र, त्यानंतर सस्पेन्शन, आणि क्लच सर्वांत शेवटी. बेल्टची नोंद नसल्याने तो आजच बदलायला आला आहे असे समजावे आणि तोवर गाडी गरजेपुरतीच चालवावी. तरीही ब्रेक पहिले, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतर तुम्हाला गाडी रस्त्यावर तपासायची आहे आणि ती थांबेल याची खात्री नसताना ती तपासणी करता येत नाही. शिवाय पॅडचे काम तुम्ही केलेले असल्याने जॅक स्टँड, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळण्याचा पाना) आणि जाम बोल्ट यांची सवय करून घेण्यासाठी हा टप्पा सोयीचा आहे.

ब्रेकच्या बाबतीत केवळ पॅड आणि डिस्कवर थांबू नये. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या अवस्थेसाठी ती किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर हा फरक पायाखाली जाणवतो. ऑइल बदलण्याचे ठरवलेच असेल तर आदल्या आठवड्यातच प्रत्येक चाकावरचा ब्लीडर (ऑइल व हवा बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू) सुटतो का, हे पाहून घ्यावे. तो गंजून बसलेला असेल आणि जोर लावताना मोडला, तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर नवा लागतो, आणि ही गोष्ट मास्टर सिलिंडरची (पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणारा भाग) टाकी रिकामी केल्यावर कळण्यात अर्थ नाही. लोखंडी नळीचा नट सोडताना नळीही त्याच्यासोबत पिळली जात असेल तर तिथेच थांबावे. अशी नळी वाचत नाही, ती बदलण्याची तयारी ठेवूनच पुढे जावे. रबरी ब्रेक होज बाहेरून चांगला दिसूनही आतून फुगलेला असू शकतो, मग पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. पेडल मारून हवा काढायची असेल, तर ते जमिनीपर्यंत दाबू नये, खाली लाकडाचा तुकडा ठेवावा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी कधी जात नाही, तिथे वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज असतो आणि जुनी सिले त्यावरून घासली की फाटतात. ड्रम ब्रेकमधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती काढावी.

आता टायमिंग बेल्टकडे येतो, कारण तुमच्या संपूर्ण यादीत चूक झाली तर इंजिन गमावण्याची वेळ आणणारे काम हेच आहे. अनेक इंजिनांची रचना अशी असते की पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात. बेल्ट त्यांना वेगवेगळ्या वेळी तिथे आणतो म्हणून ते एकमेकांना भिडत नाहीत. बेल्ट तुटला किंवा काही दाते सरकला की ते भिडतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. तुमचे इंजिन या प्रकारचे आहे का, हे उत्पादकाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून आधी पक्के करावे. ते मॅन्युअल तुमच्याच इंजिन क्रमांकाचे असले पाहिजे. व्हिडिओ पाहून हातांची हालचाल समजते, पण टॉर्कचे आकडे आणि खुणांच्या जागा व्हिडिओवरून घेऊ नयेत, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक त्या बदललेल्या असू शकतात.

बेल्टसोबत त्याला ताण देणारा टेन्शनर आणि वाट दाखवणारी आयडलर पुली बदलावी, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही बदलावा. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) यांची पुढची ऑइल सिले हाताशी आलेली असतात, तीही याच वेळी घ्यावीत, कारण सिलातून झिरपणारे ऑइल नवा बेल्ट लवकर खराब करते. शाफ्टवर जुन्या सिलाच्या ओठाने चर पाडलेला असेल आणि जागा परवानगी देत असेल, तर नवे सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवावे, म्हणजे त्याचा ओठ गुळगुळीत भागावर येतो. थर्मोस्टॅट, वरचा व खालचा होज आणि बाहेरचा ड्राइव्ह बेल्ट हे याच टप्प्यात येतात. मात्र “खोललेच आहे तर” या विचाराला इथे सीमा घालावी. त्याच जागेतून, तेच बोल्ट सोडून हाती लागणारा भाग बदलणे योग्य आहे. चार बोल्ट आणखी काढले की दिसेल म्हणून इनटेक मॅनिफोल्ड उतरवणे हा नवा टप्पा आहे आणि त्याची नोंद पुढच्या यादीत करावी.

आडव्या बसवलेल्या इंजिनांत बहुधा बेल्टच्या बाजूचे इंजिन माउंट काढावे लागते, त्यामुळे इंजिनाला खालून लाकडी फळी ठेवून आधार देण्याची व्यवस्था आधीच हवी. क्रँक पुलीचा मधला बोल्ट फार जोराने आवळलेला असतो. तो सोडताना किंवा आवळताना टायमिंगच्या लॉकिंग पिनांवर कधीही भार देऊ नये. त्या पिना केवळ खुणा जागेवर धरण्यासाठी असतात; त्यासाठी पुली धरण्याचे वेगळे साधन वापरावे. जुना बेल्ट उतरवण्याआधी सर्व खुणा जुळवाव्यात, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यानंतर कॅम किंवा क्रँक स्वतंत्रपणे फिरू देऊ नये. नवा बेल्ट बसवून ताण दिल्यावर क्रँक हाताने, पान्याने, नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतरच सगळ्या खुणा पुन्हा एकत्र येतात. फिरवताना कुठे कठीण अडथळा लागला, तर जोर न लावता थांबून बेल्ट पुन्हा तपासावा. या दोन फेऱ्यांआधी स्टार्टरला हात लावू नये.

कूलंट भरताना उत्पादकाने सांगितलेला प्रकारच घ्यावा. रंगावरून प्रकार ओळखण्यावर माझा विश्वास नाही, कारण वेगवेगळ्या रसायनांचे कूलंट एकाच रंगात मिळतात. तीव्र द्रावण असेल तर ते शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे, नळाच्या पाण्यातले क्षार आत साचतात. हवा काढण्यासाठी हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, ब्लीड स्क्रू असल्यास तो वापरावा, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. सांडलेले कूलंट लगेच पुसावे आणि लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून उघडे भांडे दूर ठेवावे.

सस्पेन्शनच्या टप्प्यात एक गोष्ट फार ठिकाणी चुकते. रबरी बुश (सांध्यात बसणारे रबरी अस्तर) असलेले बोल्ट गाडी स्टँडवर आणि चाके लटकत असताना अंतिम जोराने आवळले, तर बुश त्या लटकत्या स्थितीत पकडले जाते, गाडी खाली उतरताच कायमचे पिळलेले राहते आणि थोड्याच काळात फाटते. असे बोल्ट हलके लावावेत आणि चाकांवर गाडीचा भार आल्यानंतर आवळावेत. स्प्रिंग दाबून स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा एकत्र संच) सोडण्याचे काम मात्र मी तुम्हाला स्वतः करायला सांगणार नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद सुटली तर जीव जाऊ शकतो. स्ट्रट गाडीतून काढून कार्यशाळेत न्यावा आणि स्प्रिंग तिथे बदलून घ्यावी, किंवा स्प्रिंगसह तयार स्ट्रट मिळत असेल तर तोच बसवावा. टाय रॉड किंवा कंट्रोल आर्म सुटला असेल तर शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच लागते.

सुटे भाग मागवताना मॉडेलचे नाव व वर्ष पुरेसे धरू नये. चॅसी क्रमांकावरून भागाचा क्रमांक काढावा, कारण वर्षाच्या मध्यातच बदललेले भाग असतात. आलेले प्रत्येक खोके काम सुरू करण्यापूर्वी उघडावे, भागाची मापे आणि आट्यांची संख्या जुळते का ते शक्य तेवढे पाहावे. जुना भाग नवा बसून चाचणी होईपर्यंत फेकू नये. यादीत भागांबरोबर त्यांना लागणारे छोटे सामान लिहावे: तांब्याचे वॉशर, ओ-रिंग, कॉटर पिन, होजच्या क्लिपा, आणि एकदाच वापरायचे बोल्ट. काही बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, ज्यांचा शेवटचा आवळ अंशांच्या कोनात दिलेला असतो. मॅन्युअलने नवे लावा असे सांगितले असेल तर जुने पुन्हा वापरू नयेत. मॅन्युअलमधले टॉर्क बहुतेक ठिकाणी कोरड्या आट्यांसाठी असतात. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावून तोच आकडा वापरला तर बोल्टवर प्रत्यक्षात जास्त ताण येतो, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे याच कारणाने मरतात.

जाम बोल्टांवर आदल्या दोनतीन दिवसांपासून गंज सोडवणारे ऑइल फवारत राहावे. बारा कोनांच्या सॉकेटऐवजी सहा कोनांचा वापरावा, म्हणजे बोल्टचे कोपरे झिजत नाहीत. बोल्ट थोडा सुटून पुन्हा अडला तर पुढेमागे फिरवत काढावा. गिअरबॉक्सचे ऑइल बदलताना आधी भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री करावी आणि मगच खालचा सोडावा. वरचा जाम निघाला आणि खालून ऑइल वाहून गेले, तर गाडी जागच्या जागी अडकते.

गाडीखाली जाण्याच्या बाबतीत कोणतीही सवलत नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, ती पेलून धरण्यासाठी नाही. जमीन सपाट आणि कठीण असावी, जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे लावावेत, स्टँड उत्पादकाने दाखवलेल्या जागीच ठेवावेत, आणि खाली जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे वापरू नयेत, ते इशारा न देता फुटतात. काम चालू असताना घरात दुसरे कोणी असावे. इंधनाची नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. एअरबॅगच्या वायरिंगजवळ काम असेल तर बॅटरी सोडून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे. एअर कंडिशनरची वायू भरलेली बाजू अजिबात उघडू नये. तिचा पाइप आडवा येत असेल तर गॅस आधी कार्यशाळेत काढून घ्यावा.

क्लचविषयी माझा आग्रह आहे की तो घसरत नसेल, थरथरत नसेल आणि पेडल सामान्य उंचीवर पकडत असेल तर या वर्षी त्याला हात लावू नये. वरच्या गिअरमध्ये चढावर वेग न वाढता इंजिनाचे फेरे वाढत असतील, तर मात्र काम टळत नाही. गिअरबॉक्स जड असतो, तो पेलण्यासाठी योग्य जॅक आणि मदतीला दुसरा माणूस हवा. तो जोडताना त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लटकू दिले तर नवी क्लच प्लेट वाकते. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचे मागचे ऑइल सील याच वेळी बदलावे, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासावा. तुमच्याकडे लिफ्ट किंवा पुरेशी उंची नसेल तर हे एक काम बाहेर द्यावे असा माझा सल्ला आहे. पाचपैकी चार कामे स्वतः केल्याने तुमचा उद्देश कमी होत नाही.

किती दिवस धरावेत, याचे उत्तर असे. मॅन्युअलमधला किंवा कार्यशाळेचा वेळ हा सराव असलेल्या माणसाचा, लिफ्टवरचा आणि गंज नसलेल्या गाडीचा असतो. पहिल्यांदा करताना त्याच्या तिप्पट धरावा, आणि त्यावर एक मोकळा दिवस सुटे भाग आणण्यासाठी ठेवावा. ब्रेकला एक शनिवार-रविवार, बेल्ट व कूलिंगला चार दिवसांची सुट्टी आणि सस्पेन्शनला पुन्हा एक शनिवार-रविवार अशी विभागणी मला तुमच्या अनुभवाला झेपणारी वाटते. दोन टप्प्यांच्या मध्ये दोनतीन आठवडे गाडी वापरावी. प्रत्येक टप्पा सकाळी सुरू करावा आणि त्या काळात ये-जा करण्यासाठी दुसरी सोय ठेवावी, कारण सोमवारी गाडी लागणारच आहे या दडपणाखाली रविवारी रात्री आवळलेले बोल्ट कोणीही दुसऱ्यांदा तपासत नाही. काढलेले बोल्ट जागेनुसार नाव लिहिलेल्या पिशव्यांत किंवा पुठ्ठ्यावर आकृती काढून तिच्यात खोचून ठेवावेत. अंतिम टॉर्क दिलेल्या बोल्टवर रंगीत पेनाने रेघ ओढावी. काम अर्धवट सोडून उठायचे झाले तर काय आवळले आणि काय केवळ हाताने लावले आहे, हे ती रेघ दुसऱ्या दिवशी सांगते.

टप्पा संपल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना ऑइलचा दिवा विझतो का, तापमानाचा काटा कुठे थांबतो आणि खाली ठेवलेल्या स्वच्छ पुठ्ठ्यावर थेंब पडतात का, हे पाहावे. ब्रेकचे काम झाले असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल कठीण होईपर्यंत दाबून घ्यावे. पहिली फेरी कमी वेगाने, जवळपास मारावी, परत आल्यावर पुन्हा खाली पाहावे, आणि चाके काढलेली असतील तर ८० ते १०० किलोमीटरनंतर त्यांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर इंजिनाच्या कव्हरवर टिकणाऱ्या शाईने लिहावेत.